सही आणि तिच्या आधीचं सगळं

रिकाम्या फ्लॅटला स्वतःचा एक वास असतो. रंगाचा, बंद खिडक्यांचा, नळात अडकून राहिलेल्या पाण्याचा. कुणी घर बघायला येणार असलं की त्याच्या अर्धा तास आधी जाऊन खिडक्या उघडायच्या, सगळे नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचे म्हणजे पहिलं पिवळट पाणी निघून जातं, एकेक बटण दाबून दिवे बघायचे, बाल्कनीचं दार अडकत नाही ना ते दोनदा उघडून-मिटून बघायचं. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. ताईंनी शिकवलं. त्या माझ्याआधी कितीतरी वर्षं त्या ऑफिसात होत्या. जुडग्यातली हवी ती चावी त्या न बघता, नुसती बोटांनी चाचपून काढायच्या.

आमचं काम सांगायला सोपं होतं. एकाच मालकाची भाड्यानं द्यायची शेकडो घरं आणि तळमजल्यावर आमचं ऑफिस. रिकामं झालेलं घर लवकरात लवकर भरायचं. फोन घ्यायचे, घर दाखवायचं, कागद गोळा करायचे, करार करायचा, चावी द्यायची, आणि मुदत संपत आली की त्याच माणसाला पुढच्या वर्षासाठी राहायला राजी करायचं. पगार बेताचा. त्यावर दर करारामागे कमिशन, आणि तिमाहीचं टार्गेट गाठलं तर बोनस. कागदावर या पैशाला ‘प्रोत्साहन’ म्हणत. पण दुसऱ्यांना घरं मिळवून देणाऱ्या आम्हा लोकांचं स्वतःचं घरभाडं त्यातूनच जायचं. ज्यावर घर चालतं त्या पैशाला प्रोत्साहन म्हणू नये. तो पगारच असतो, फक्त येईल की नाही याची खात्री नसलेला.

मला लागून तीनेक महिने झाले असतील. एक आजी घर बघायला आल्या. सोबत चाकाच्या खुर्चीत त्यांचा चाळिशीतला मुलगा. मी त्यांना पहिल्या मजल्यावरचं घर दाखवायला निघालो, तर ताई म्हणाल्या, थांब, मी जाते. जाताना त्यांनी टेबलाच्या खणातून मोजपट्टी घेतली. वर गेल्यावर त्यांनी आधी बाथरूमच्या दाराची चौकट मोजली, मग खाली बसून खुर्चीची रुंदी मोजली, चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत. दोन्हींत जेमतेम तीन बोटांचा फरक. खुर्ची आत जाईल, पण वळणार नाही. ताईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की हे घर तुम्हाला चालायचं नाही. घर भाड्यानं देण्यासाठी पगार घेणारं माणूस गिऱ्हाइकाला हे सांगतंय, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आठवड्यानं तळमजल्यावरचं एक घर रिकामं झालं. ताईंनी आजींना फोन करून बोलावलं. या खेपेला आमच्या मेंटेनन्सच्या दादांना बरोबर नेलं. त्यांनी बोटाच्या पेरानं भिंत ठोकत ठोकत सांगितलं, की इथं आत भरीव आहे, इथं आधाराचा दांडा धरेल. तिथं पोकळ आहे, तिथं नको. तिसऱ्या खेपेला ताईंनी त्यांना मुद्दाम अंधार पडल्यावर बोलावलं, कारण फाटकापासून दारापर्यंतच्या उतारावर उजेड किती पडतो ते त्यांनी स्वतः बघावं. मग आजी म्हणाल्या, विचार करून सांगतो. त्यानंतरचे दहा दिवस ताई एक दिवसाआड फोन करायच्या. घाई करण्यासाठी नव्हे. मुलाच्या उपचाराचं ठिकाण तिथून किती लांब पडेल, लिफ्टवर अवलंबून राहावं लागणार नाही ना, असल्या प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी.

आजी सही करायला आल्या त्या दिवशी ताईंची साप्ताहिक सुटी होती. मी कागद छापले, कुठं कुठं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुल्या केल्या, अनामत जमा करून घेतली, पावती दिली. वीस मिनिटं. कराराच्या नोंदीत एकच रकाना होता: करार कुणी केला. मी माझं नाव घातलं, कारण नियम तसाच होता.

महिनाअखेरीला पगाराच्या स्लिपवर कमिशनची ओळ आली. माझ्या आयुष्यातलं पहिलं कमिशन. ताईंनी स्लिप बघितली आणि म्हणाल्या, “असू दे रे. पहिलं आहे तुझं.” मी काहीच बोललो नाही. गरज होती, नियम माझ्या बाजूनं होता, आणि अर्धे तुम्ही घ्या असं म्हणायला जे धाडस लागतं ते माझ्यापाशी नव्हतं. आज इतक्या वर्षांनीही ते पैसे माझ्या मनात ताईंच्याच नावावर आहेत.

त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ताई सुटी घ्यायच्याच नाहीत. ताप असला तरी यायच्या. वर्षभरात मीही तेच करायला लागलो. कुणी हुकूम केला नव्हता. आपण नसलो तर आपण पिकवलेलं दुसऱ्याच्या नावावर जमा होईल, एवढी एक भीती पुरेशी होती.

पुढे एका निकालाबद्दल वाचलं तेव्हा मला तो शेवटचा आठवडा आठवला. ब्रिटनमधल्या एका विक्री प्रतिनिधीच्या कमाईत ६० टक्क्यांहून जास्त वाटा कमिशनचा होता. पगारी रजेवर गेला की त्याला त्या दिवसांचा नुसता मूळ पगार धरला जायचा. रजेत विक्री होत नाही, म्हणून पुढच्या महिन्यांचं कमिशनही घटायचं. २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानं सांगितलं, की रजेनंतर कमाई घटणार असेल तर माणूस रजा घ्यायलाच धजणार नाही, म्हणून रजेच्या पगारात कमिशनही धरलं पाहिजे. मला त्या निकालातलं कायद्याचं बारीक काम कळत नाही असं नाही, पण मला भिडलं ते दुसरंच. कागदोपत्री रजा असूनही ती घेता येत नाही, ही आमच्या ऑफिसातली मुकी गोष्ट कुठल्यातरी न्यायालयात मोठ्यानं बोलली गेली होती.

या धंद्यातली सगळ्यात उफराटी गोष्ट मात्र सुटीची नाही. ती कळायला मला दोन वर्षं लागली, आणि कळल्यावर मी कागद घेऊन हिशोबच मांडला. समजा, संकुलात २०० घरं आहेत आणि वर्षाला त्यातली निम्मी रिकामी होतात. म्हणजे १०० नवे करार, १०० कमिशनं. आता ऑफिसनं जीव ओतून काम केलं. तक्रारी त्याच दिवशी सोडवल्या, गळके नळ वेळेवर दुरुस्त करून घेतले, मुदत संपायच्या दोन महिने आधी प्रत्येक भाडेकरूशी बसून बोलले. पुढच्या वर्षी १०० ऐवजी ८०च घरं रिकामी झाली. मालकाची वीस घरांची रंगरंगोटी वाचली, जाहिरात वाचली, घर ओस पडून बुडणारं भाडं वाचलं. आणि हे ज्यांनी केलं त्यांच्या कमिशनात एक पंचमांश घट. कारण कराराच्या नूतनीकरणावर आमच्याकडे काहीच मिळत नसे. राहता माणूस पुन्हा राहिला, यात तुम्ही काय केलंत, असं त्यामागचं उत्तर होतं.

उलटही खरं होतं. ज्या वर्षी एका इमारतीच्या छपराचं काम लांबलं आणि वरच्या मजल्यावरची माणसं वैतागून निघून गेली, त्या वर्षी आमची कमाई वाढली. गळक्या छतानं आमचे खिसे भरले. तेव्हा त्या पैशाचं सुख वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण जी व्यवस्था माणसं टिकवल्याबद्दल कापते आणि माणसं पळून गेल्याबद्दल देते, ती तिथं काम करणाऱ्याला हळूहळू आतून बदलते. नूतनीकरणाचा फोन उद्यावर जातो. नव्या चौकशीचा फोन दुसऱ्या घंटीला उचलला जातो. कुणी वाईट नसतं. महिनाअखेर सगळ्यांनाच असते.

बोनसची तऱ्हा आणखी वेगळी. तिमाहीला बारा करार झाले तर बोनस, अकरा झाले तर शून्य. घरं किती रिकामी आहेत याच्याशी त्या बाराचा संबंध नाही. एका तिमाहीत संपूर्ण संकुलात मोजून सात घरं रिकामी झाली होती आणि आम्ही तिघं होतो. बारा आणायचे कुठून? दुसऱ्या एका तिमाहीत माझे अकरा झाले होते आणि शेवटचा दिवस होता. एक तरुण जोडपं दोन दिवसांनी नक्की सांगतो म्हणून गेलं होतं. मी त्यांना दिवसातून चार वेळा फोन केला. आज सही केलीत तर बरं, उद्या घर राहील याची हमी नाही, असं म्हणालो. घर राहणारच होतं. दुसरं कुणी मागायला आलेलं नव्हतं. ते धावत आले, सही केली, मला बोनस मिळाला. जाताना त्या मुलीनं दोनदा विचारलं, “नक्की चांगलं आहे ना हो हे घर?” घर चांगलं होतं. पण मी खोटं बोललो होतो, आणि ते खोटं मी त्या अकराच्या आणि बाराच्या मधल्या खड्ड्यासाठी बोललो होतो.

हा खड्डा फक्त आमच्या ऑफिसात नव्हता. पॉल ओयर या अर्थशास्त्रज्ञानं १९९८ मध्ये अमेरिकी कंपन्यांच्या विक्रीचे आकडे तपासून दाखवलं होतं, की आर्थिक वर्ष संपत आलं की विक्री फुगते आणि नवं वर्ष लागलं की ओसरते, आणि यामागे विक्रेत्यांच्या मोबदल्याची अशीच मांडणी आहे. लोक पुढचं गिऱ्हाईक अलीकडे ओढतात, किंवा टार्गेट झालं असेल तर आलेलं गिऱ्हाईक पलीकडे ढकलतात. मी दोन्ही केलं आहे.

कमिशन मुळातच वाईट, असं म्हणणारे लोकही मला भेटले. मला तसं वाटत नाही. एडवर्ड लझीर या अर्थशास्त्रज्ञानं २००० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. मोटारींच्या फुटलेल्या काचा बदलून देणाऱ्या सेफलाइट या अमेरिकी कंपनीनं तासाच्या मजुरीऐवजी बसवलेल्या काचेमागे पैसे द्यायला सुरुवात केली, आणि माणशी काम ४४ टक्क्यांनी वाढलं. कामगारांची कमाईही वाढली. पण काच बसवणं आणि घर भाड्यानं देणं यात फरक काय, हे ज्यानं दोन्ही पाहिलं त्याला लगेच कळेल. काच एकच माणूस बसवतो. ती नीट बसली की नाही ते लवकरच दिसतं, आणि कुणी बसवली ते शोधावं लागत नाही. घराचं तसं नाही. फोन एकानं घेतलेला असतो, दाखवलेलं दुसऱ्यानं, भिंत ठोकून बघितलेली तिसऱ्यानं, सही घेतलेली चौथ्यानं. ते काम चांगलं झालं की वाईट, हे वर्षभरानं कळतं, जेव्हा तो माणूस राहतो किंवा जातो.

बेंग्त होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हेच जरा वेगळ्या वाटेनं मांडलं. एकाच माणसाकडे अनेक कामं असतील, त्यातलं एकच मोजता येत असेल आणि त्यालाच पैसे लावले, तर न मोजलेली कामं मागे पडणार. पुढे दोघांनाही नोबेल मिळालं, होल्मस्ट्रॉम यांना २०१६ मध्ये आणि मिलग्रोम यांना २०२० मध्ये. आमच्या ऑफिसात न मोजलेलं काम म्हणजे मोजपट्टी घेऊन खाली बसणं.

आणि हे मागे पडणं सगळ्यांवर सारखं येत नाही, याचा मला जास्त त्रास होतो. ज्याचे कागद तयार असतात, नोकरी पक्की असते, ज्याला जिना चढता येतो, त्याचा करार एका दिवसात होतो. ज्याला वेळ लागतो त्याच्यासाठी कमिशनवाल्या माणसाकडे वेळ नसतो. अपंगत्व असलेला, भाड्यासाठी सरकारी मदत मिळणारा, भाषा नीट न येणारा, घटस्फोटानंतर पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर घर घेणारी बाई. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टनं घर देताना वंश, धर्म पाहून भेदभाव करायला बंदी केली, आणि १९८८ च्या दुरुस्तीनं त्यात अपंगत्व आणि लहान मुलं असलेली कुटुंबंही आली. असा कायदा हवाच. पण कायदा नकार पकडतो. ‘नंतर फोन करतो’ म्हणून न केलेला फोन पकडणं फार अवघड आहे. तो फोन व्हावा असं वाटत असेल, तर त्या फोनला लागणारा वेळ ज्याचा जातो त्याच्या पगारात त्याची नोंद कुठंतरी दिसली पाहिजे.

आठेक वर्षांनी मी दुसऱ्या एका संकुलात ऑफिसचा प्रमुख झालो. ताईही तिथं आल्या. मीच त्यांना विचारलं होतं. आता मोबदल्याचा तक्ता मालकापुढे मांडण्याची जबाबदारी माझी होती. टेबलाच्या या बाजूला आल्यावर मालकाचंही म्हणणं कळतं. मंदी असते, घरं ओस पडतात, तेव्हा पक्का पगार वाढवायला कुणी तयार नसतं. कमिशन हे त्याच्या दृष्टीनं सोपं असतं, पैसा आला तर पैसा द्यायचा. त्यात चुकीचं काही नाही. पण घर भरणं न भरणं हे भाडं किती लावलं, इमारत कशी ठेवली, शेजारी काय चाललंय, यावर अवलंबून असतं, आणि त्यातलं काहीच ऑफिसातली मुलगी ठरवत नाही. जे तिच्या हातात नाही त्याची जोखीम तिच्या घरखर्चावर टाकायची, हे मला मालकासमोर बोलता आलं, कारण तो घरखर्च मी चालवला होता. बराच वेळ लागला, पण मूळ पगार थोडा वाढवून मिळाला. सगळ्यात कठीण आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं. बाकीचं त्याच्यानंतर.

मी पहिलं जे केलं ते चुकलं. मनात ते आजींचं घर होतं, म्हणून सगळं कमिशन एका ठिकाणी जमा करून सगळ्यांत सारखं वाटायचं असं मी ठरवलं. चार महिन्यांत ऑफिसचा रंग गेला. जी मुलगी रविवारीही घरं दाखवत होती, तिनं मला विचारलं, की मी केलेल्या कामाचं काय. तिचं बरोबर होतं. सारखं वाटणं म्हणजे न्याय, असं मी धरून चाललो होतो, आणि तो माझ्या जुन्या अपराधाचा निचरा होता. तिच्या कामाशी त्याचा काही संबंध नव्हता.

मग नोंदीचा कागद बदलला. एका रकान्याचे तीन केले. घर कुणी दाखवलं, करार कुणी पुरा केला, आणि चावी दिल्यानंतर पहिल्या महिन्याची देखरेख कुणी केली. कमिशन तिघांत ठरलेल्या प्रमाणात, आणि एकानंच सगळं केलं तर सगळं त्याचं. नूतनीकरणालाही कमिशन लावलं, नव्या करारापेक्षा थोडं कमी. तिमाहीचा बारा-अकराचा खड्डा बुजवला. जेवढी घरं रिकामी, त्यातली किती भरली, यावर पायरीपायरीनं बोनस. पहिल्या महिन्यात लगेच पळवाट निघाली. ज्यानं फोनवर नुसता पत्ता सांगितला तोही ‘दाखवलं’च्या रकान्यात नाव घालू लागला. तेव्हा दाखवणं म्हणजे काय हे लिहावं लागलं: चावी घेऊन प्रत्यक्ष घरात जाणं. चावी घेतल्याची वही होतीच. ज्याची वहीत सही, त्याचं नाव. ताईंना ते फार आवडलं.

हे सगळं ठरवायला आम्ही सगळे एकत्र बसलो होतो, मेंटेनन्सचे लोकही. त्यांना आजवर असल्या बैठकीला कुणी बोलावलंच नव्हतं. त्यातल्या एकानं बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “साहेब, घर पाच दिवसांत तयार केलं तरी पगार तेवढाच आणि पंधरा दिवसांत केलं तरी तेवढाच. मग रिकाम्या घराच्या बोनसमध्ये आमचं नाव का नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या तिमाहीपासून त्यांचं नाव आलं. मालकानं त्यावर फार खळखळ केली नाही, कारण घर दहा दिवस आधी तयार होणं म्हणजे दहा दिवसांचं भाडं, हे त्याला आमच्याआधी कळत होतं.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. जुन्या जागी भाडेकरू सहा महिन्यांच्या आत निघून गेला, तर दिलेलं कमिशन पुढच्या पगारातून कापून घेत. लिफ्ट तीन आठवडे बंद म्हणून एक कुटुंब गेलं, आणि कापले गेले ताईंचे पैसे. मी इथं लिहून घेतलं, की आमच्या माणसानं खोटी माहिती देऊन करार केला असेल तरच वसुली. त्या तरुण जोडप्याला मी जे सांगितलं होतं, ते या नियमात बसलं असतं. बसायलाच हवं.

आणि सगळं लिहून. ओव्हरटाइमसुद्धा. अमेरिकेत १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टखाली ज्यांना ओव्हरटाइम लागू होतो, त्यांना आठवड्याच्या ४० तासांवरच्या कामाला नेहमीच्या दराच्या दीडपट मिळतं, आणि तो नेहमीचा दर काढताना कमिशन आणि आधी कबूल केलेला बोनसही धरावा लागतो. नुसत्या मूळ पगारावर दीडपट लावली की माणसाला आपलं काय गेलं ते कळतही नाही. कॅलिफोर्नियात २०१३ पासून कमिशनचा करार लेखी हवा, कमिशन कसं मोजणार आणि कसं देणार ते त्यात हवं, आणि सही केलेली प्रत कामगाराच्या हातात हवी. वाचायला ही क्षुल्लक अट वाटते. पण मी अशा जागी काम केलं आहे, जिथं कमिशनचा दर तिमाही अर्धी सरल्यावर बदलला आणि तो मागच्या तारखेपासून लागू झाला. ज्याच्या हातात कागद नाही त्याला भांडताही येत नाही. त्याच्याकडे फक्त आठवण असते, आणि पगार आठवणीवर निघत नाही.

करार झाला पण चावी द्यायची आहे, अशा अवस्थेत माणूस नोकरी सोडून गेला तर त्याचं कमिशन बुडायचं, हा रिवाज मी जिथं जिथं काम केलं तिथं होता. तोही आम्ही काढला. काम झालं असेल तर पैसे त्याचे, मग तो इथं असो वा नसो. हा नियम सगळ्यात आधी कुणाला लागू होणार, ते तो लिहिताना माझ्या डोक्यात नव्हतं.

ताईंचे गुडघे फार दुखायला लागले होते. जिने होईनात. एका महिनाअखेरीला त्यांनी जुडगा माझ्या टेबलावर ठेवला, प्रत्येक चावीला नव्यानं चिठ्ठी लावून. त्यांनी दाखवलेली चार घरं तेव्हा कराराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर होती. पुढच्या दीड महिन्यात चारही चाव्या दिल्या गेल्या. हिशोब लागला, पैसे गेले.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज जरा घाबरलेला. “अरे, माझ्या खात्यात पैसे आलेत तुमच्याकडून. काहीतरी चूक झालीय बघ. परत कसे करायचे?”

मी म्हटलं, चूक नाही ताई, तुमचेच आहेत. मग मी त्यांना चारही घरांचे नंबर वाचून दाखवले, कुणाला कधी चावी दिली ते सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग त्या म्हणाल्या, “ते तिसरं घर. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी ढिली होती. त्यांना लहान मूल आहे रे. बसवलीत का?”

“बसवली,” मी म्हटलं. “परवाच.”